औषधांशिवाय बाळंतपण: तयारी काय केलीत, प्रत्यक्षात काय झालं?

तगर

नमस्कार मंडळी. ३२वा आठवडा सुरू आहे, पहिलीच वेळ. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं ठीक आहे आणि बाळाचं डोकं खाली आहे. कळा आपसूक येऊ द्याव्यात आणि वेदनाशामक न घेता बाळंतपण व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. आई आणि सासूबाई, दोघींची बाळंतपणं 'नॉर्मल' झाली, पण विचारायला गेलं की "होतं गं सगळं आपोआप" यापलीकडे काही हाती लागत नाही. मैत्रिणींमध्ये मात्र जिला विचारावं तिचं सिझर. श्वासाचे व्यायाम, आसनं, खजूर, मालिश याबद्दल इतकं वाचून झालंय की त्यातलं महत्त्वाचं काय तेच कळेनासं झालंय. ज्या यातून गेल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कळा नेमक्या कशा असतात? कशाचा उपयोग झाला? दवाखान्यात आधी काय बोलून ठेवावं?

रानजाई

तगर, अभिनंदन! माझं पहिलं बाळंतपण गेल्या वर्षी नाशिकला झालं, औषधांशिवाय. आठवतंय तसं लिहिते.

सुरुवात अगदी पाळीच्या दुखण्यासारखी. रात्री जेवण झाल्यावर कंबर भरून आली, मग ओटीपोट आवळल्यासारखं व्हायचं आणि सुटायचं. मला वाटलं खोट्या कळा असतील, कारण आधी आठवडाभर तसंच चाललं होतं. पण या कळा कूस बदलून, पाणी पिऊन थांबल्या नाहीत. मावशी आमच्याकडे राहायला आली होती. तिने मुगाची खिचडी खायला लावली आणि "आता झोप, पुढे झोप मिळायची नाही" म्हणून दिवा घालवला. तो सल्ला लाखमोलाचा ठरला. दोन कळांच्या मध्ये मी खरोखर झोपले.

पहाटे कळा दर सात-आठ मिनिटांनी यायला लागल्या. गच्चीत फिरले, आंघोळ केली, वेणी घातली. दवाखान्यात गेलो तेव्हा कळ आली की माझं बोलणं अर्ध्यावर थांबत होतं. तपासलं तर पिशवीचं तोंड ४ सेंमी उघडलेलं.

त्यानंतरचा भाग कठीण. कळ कशी असते म्हणशील, तर पाठीच्या खालून सुरू होते, दोन्ही बाजूंनी पुढे येते, चढत जाते, अगदी शिखरावर काही क्षण थांबते आणि उतरते. उतरली की काहीही दुखत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मधली ती दोन-तीन मिनिटं पूर्ण मोकळी असतात, फक्त त्यात पुढच्या कळेची धास्ती घ्यायची नाही. मावशी प्रत्येक कळेला माझ्या माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताचा मुळाकडचा भाग रोवून सगळं वजन टाकायची. चोळायची नाही, नुसतं दाबून धरायची. कळ ओसरली की हात काढायची. मी खाटेची लोखंडी दांडी धरून पुढे वाकलेली, कंबर हलवत उभी. तिचा हात एकदा जागा चुकला तर मी ओरडले होते, एवढा त्याने फरक पडत होता. मध्ये बाथरूममध्ये स्टुलावर बसवून तिने कमरेवर तांब्या-तांब्याने कोमट पाणी ओतलं.

मग एक वेळ अशी आली की दातखीळ बसल्यासारखी थंडी वाजायला लागली, पाय थरथरायला लागले, उलटी झाली आणि मी म्हणाले, "मला सिझर करा, मला नाही जमत." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हे बोललीस म्हणजे जवळ आलं. ओठ सैल सोड, दात आवळू नको." तपासलं तर ९ सेंमी. त्यानंतर कळांची जातच बदलली. जोरात शी लागावी तसा दाब आला आणि जोर लावायला कुणी सांगावं लागलं नाही. डाव्या कुशीवर होते, मावशीने वरचा पाय धरला होता. डोकं बाहेर येताना आगीच्या वर्तुळासारखी जळजळ होते. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता जोर नको, फू फू कर." ते ऐकलं म्हणून थोडंसंच फाटलं. टाके घालताना भूल घेतली.

माझ्या व्यायामांचा वगैरे उपयोग झाला असेलही. पण तो हात नसता तर मी टिकले नसते, हे नक्की.

जास्वंद

रानजाई, किती छान लिहिलंस. कळ ओसरली की काही दुखत नाही, याला शंभर वेळा अनुमोदन. सिनेमात दाखवतात तशी बाई सलग ओरडत नसते. माझ्या वेळी मी प्रत्येक कळेला खालच्या पट्टीत 'ऊऊऊ' असा लांब आवाज काढायचे. पट्टी वर गेली की अंग आखडायचं, हे माझ्याच लक्षात आलं.

पाणकळा

मी तालुक्याच्या गावी प्रसूतितज्ज्ञ आहे. तगर, तुम्ही 'महत्त्वाचं काय' असं विचारलंत, त्याचं उत्तर रानजाईंनी दिलंच आहे. बाळंतपणाच्या वेळी ओळखीचं, धीर देणारं माणूस सतत जवळ असलं तर सिझरचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळ थोडा आटोपतो आणि बाईचा अनुभव चांगला राहतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. इतका ठोस पुरावा ना खजुराला आहे ना कुठल्या आसनाला.

खजूर आवडत असतील तर खा, मधुमेह असेल तर नको. योनीच्या तोंडाच्या मालिशचं म्हणाल तर पहिलटकरणींना ३५व्या आठवड्याच्या सुमारास सुरू करून आठवड्यातून एक-दोनदा केलं तरी कट (बाळाची वाट मोठी करायला योनीच्या तोंडाशी देतात तो छेद) आणि टाके लागण्याची शक्यता थोडी कमी होते. नखं कापलेली, हात स्वच्छ, साधं खोबरेल तेल. अंगठा योनीत थोडा आत घालून खाली गुदद्वाराच्या दिशेने आणि दोन्ही बाजूंना हलकं ताणायचं. दुखेपर्यंत नाही.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४. तेलंगणात सगळी मिळून ६०.७ टक्के! बाईचं शरीर दवाखान्याच्या मालकानुसार बदलत नाही. रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाहीत, एकट्या डॉक्टरला दहा-बारा तास एका बाईजवळ थांबणं परवडत नाही, काही बिघडलं तर नातेवाईक अंगावर येतात, आणि मुहूर्त काढून येणारी कुटुंबंही आहेतच. कारणं अशी बरीच आहेत. त्यामुळे दवाखाना निवडणं हाच तयारीचा मोठा भाग.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणाविषयी सूचना दिल्या, त्या विचारण्याजोग्या आहेत. तोंड ५ सेंमी उघडल्यावरच खऱ्या वेगाच्या कळा सुरू झाल्या असं धरावं. त्याआधीचा काळ कितीही लांबू शकतो. दर तासाला १ सेंमी ही जुनी मोजपट्टी प्रत्येकीला लावू नये. पहिलटकरणीला ५ सेंमीनंतर साधारण १२ तासांपर्यंत आणि पूर्ण उघडल्यावर ३ तासांपर्यंत लागू शकतात. जोखीम नसेल तर खाऊ-पिऊ द्यावं, हिंडू-फिरू द्यावं, केस काढणं आणि एनिमा सरसकट नको, कटही सरसकट नको, नाळ बांधायची किमान एक मिनिट घाई करू नये, आणि बाळ लगेच आईच्या उघड्या छातीवर द्यावं.

तुमच्या डॉक्टरांना हेच विचारा. सोबत कोण थांबू शकेल? बाळाचे ठोके टिपणारा पट्टा पोटाला सतत बांधून ठेवता की अधूनमधून ठोके ऐकता? तारीख उलटली तर किती दिवस थांबता? पाणी गेलं आणि कळा नसल्या तर? रात्री दोन वाजता प्रत्यक्ष कोण असतं? शेवटचा प्रश्न विसरू नका.

नलूआजी

पोरींनो, मी निवृत्त परिचारिका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर उपजिल्हा रुग्णालयात उभी हयात गेली. वाचून बरं वाटलं, म्हणून लिहिते.

आमच्या केंद्रात वेदनाशामक नव्हतंच, तेव्हा सगळ्याच बायका 'नैसर्गिक'. जुन्या सुइणी बाईला आडवं झोपवत नसत. खांबाला, नाहीतर वरून बांधलेल्या दोराला धरून उकिडवं बसवायच्या. मागून एकीने काखेत हात घालून आधार द्यायचा. आम्ही प्रशिक्षण घेऊन आलो आणि बायकांना टेबलावर उताणं निजवलं, पाय अडकवले. आमच्या सोयीचं होतं ते, बाईच्या नाही. पण त्याच सुइणींच्या हातून धनुर्वाताने बाळं गेली, वार अडकून बायका गेल्या, तेही मी पाहिलंय. म्हणून जुनं सगळं सोनं असं कुणी म्हणू नये.

तुपाचं सांगते. नवव्या महिन्यात वाटीभर तूप प्यायलं की बाळ घसरून येतं म्हणतात. तूप पोटात जातं, बाळाच्या वाटेत नाही. वरणभातावर घ्या, तेवढं पुष्कळ. कळा याव्यात म्हणून घरी एरंडेल घेऊ नका. जुलाब होऊन बाई गळून जाते आणि ऐन वेळी अंगात त्राण उरत नाही. बसून लादी पुसल्याने 'नॉर्मल' होतं असंही सासवा सांगतात. हालचाल चांगली, पण पुसूनही सिझर झालं तर त्या पोरीला टोमणे मारू नका.

आणखी एक, हात जोडून. हल्ली काही जणी "मला काहीच इंजेक्शन नको" म्हणतात. बाळ बाहेर आल्यावर मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतो, ते नाकारू नका. ते कळा वाढवायला नसतं. वार सुटावी, पिशवी आवळावी आणि रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून असतं. आपल्या देशात बाळंतिणी जातात त्या सगळ्यात जास्त रक्तस्रावाने. पंधरा मिनिटांत धडधाकट बाई पांढरीफटक पडलेली मी पाहिली आहे. नाळ सावकाश बांधा, बाळ छातीवर घ्या, पण हे इंजेक्शन घ्या.

सदाफुली

मी थोडं वेगळं लिहिते. मी एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ती भूल, घेतलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. रात्रभर कळा सोसून ३ सेंमीच झालं होतं, बाळाची पाठ माझ्या पाठीला लागलेली, कंबर तुटत होती. एपिड्युरलनंतर झोप लागली, सकाळी ताजीतवानी होऊन जोर लावला. सिझर नाही, काही नाही. हा धागा वाचून एखादीला वाटू नये की औषध घेतलं म्हणजे हरलो.

पाणकळा

सदाफुली, अगदी बरोबर. एपिड्युरलने सिझर वाढतं हा समज जुना आहे, नव्या अभ्यासांत तसं दिसत नाही. जोर लावण्याचा काळ थोडा लांबतो, उठून फिरता येत नाही, काहींना लघवीसाठी नळी लागते. हे माहीत असावं आणि मग जिचं तिने ठरवावं. आपल्याकडे अडचण उलटी आहे. लहान गावांत एपिड्युरल मिळतच नाही, म्हणजे तिथल्या बायकांना दोन्ही बाजूंनी निवड नाही.

बाळाची पाठ आईच्या पाठीला असेल तेव्हा हात-गुडघ्यांवर ओणवं राहिल्याने कमरेवरचा ताण हलका होतो, हे इतरांसाठी.

काजवा

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? बायकोच्या वेळी मी शेवटपर्यंत आत होतो. जे उपयोगी पडलं ते सांगतो, म्हणजे इतर नवऱ्यांना कळेल.

मोबाइलवर कळा मोजणं लवकर बंद केलं, तिच्यापेक्षा माझं लक्ष त्या आकड्यांत जास्त अडकत होतं. प्रत्येक कळ ओसरली की शहाळ्याच्या पाण्याचा एक घोट, विचारायचं नाही, नुसता स्ट्रॉ ओठांशी न्यायचा. नको असेल तर ती मान फिरवायची. दोन्ही कुल्ल्यांवर तळहात ठेवून आतल्या बाजूला घट्ट दाबायचं, कंबर पिळतेय असं वाटलं की हे केल्याने तिला सुटल्यासारखं व्हायचं. घरी दोन-चार वेळा करून बघा, कुठे दाबायचं ते आधी कळलेलं बरं. दर तासाला लघवीला नेणं माझं काम होतं, कारण तिला भानच नव्हतं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे फोन मी घेतले नाहीत, ते काम भावाकडे दिलं. आणि "जोर लाव, जोर लाव" असा गजर मी केला नाही, सिस्टरनाही हळू बोलायची विनंती केली.

त्या खोलीतला दिवा आम्ही मालवून घेतला होता. तेवढ्यानेही ती शांत झाली.

उत्तरा_आइंडहोव्हन

नेदरलँड्सहून लिहिते. इथे गर्भारपण निरोगी असेल तर डॉक्टर भेटतच नाहीत, प्रशिक्षित सुईण सगळं बघते. तीच तपासते, तीच बाळंतपण करते. घरी की दवाखान्यात हे आपण ठरवायचं, आणि घरी बाळंत होणाऱ्या अजूनही पुष्कळ आहेत. घरी व्हायचं तर सुइणीच्या उंचीसाठी खाटेच्या पायांखाली ठोकळे लावावे लागतात. तिच्याकडे एक बुटका, पुढून उघडा स्टूल असतो, त्यावर बसून मी बाळंत झाले. वेदनाशामक इथे सहज पुढे करत नाहीत, एपिड्युरल हवं तर तज्ज्ञांकडे हलवतात. माझी आई पुण्याहून आली होती, तिला आधी हे सगळं भयंकर वाटत होतं.

एक मात्र आवर्जून सांगते. हे घरचं बाळंतपण मागे पक्की यंत्रणा आहे म्हणून सुरक्षित आहे. सुईण वरचेवर ठोके ऐकत असते, शंका आली की लगेच दवाखान्यात नेतात आणि पहिलटकरणींपैकी बऱ्याच जणींना मध्येच तसं न्यावं लागतं. इथलं बघून कुणी भारतात नुसत्या हौसेने घरी बाळंतपण करू नये.

नंतर आठवडाभर एक प्रशिक्षित बाई विम्याच्या खर्चाने रोज घरी येते. टाके बघते, बाळाला पाजायला शिकवते, आल्या-गेल्याचं बघते. भेटायला येणाऱ्यांना लोणी लावलेल्या टोस्टवर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या घालून देतात, बडीशेपेने दूध येतं अशी इथे पूर्वापार समजूत. आई बाळंतशोपांची पुरचुंडी घेऊन आली होती. दोघी एकमेकींची भाषा न कळता स्वयंपाकघरात त्या दोन वाट्या शेजारी ठेवून हसत होत्या.

तगर

सगळ्यांचे किती आभार मानू! काल डॉक्टरांना प्रश्न विचारले. फिरणं, पाणी पिणं चालेल म्हणाल्या, कट गरज पडली तरच. पण सोबत कुणी थांबू देत नाहीत, "इतर पेशंटना अडचण होते". तिथेच मन खट्टू झालं. ३३वा आठवडा चालू आहे, आता दवाखाना बदलणं वेडेपणा होईल का?

नलूआजी

अजिबात नाही पोरी. सगळे रिपोर्ट घेऊन जा, ३६व्या आठवड्याच्या आत नवीन ठिकाणी नाव घाल. सरकारी दवाखान्यांतसुद्धा २०१७ पासून 'लक्ष्य' कार्यक्रमात सोबतीण आत असावी असं धरलेलं आहे. मग खासगीत पैसे मोजून ते मिळू नये? दोन खाटांच्या मध्ये पडदा लावला की अडचण संपते.

अबोली

तगर, बदल. मी बदलला होता आणि तो निर्णय योग्य ठरला. पण माझी गोष्ट पुढे वेगळी झाली, तीही इथे असावी असं वाटतं.

सगळी तयारी झालेली, नवरा जवळ, कळा उत्तम, ७ सेंमीपर्यंत हसतखेळत गेले. मग पाणी गेलं ते हिरवट. बाळाने आतच शी केली होती. कुशीवर वळवलं, सलाईन लावलं, थोडा वेळ वाट पाहिली, पण प्रत्येक कळेनंतर ठोके खाली जायचे आणि वर यायला उशीर लावायचे. डॉक्टर खाटेजवळ बसून, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मला आता आणखी थांबावंसं वाटत नाही." मी लगेच हो म्हटलं. त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला, कारण तोपर्यंत त्यांनी कशाचीच घाई केली नव्हती. ऑपरेशन टेबलावरच मुलगी माझ्या गालाला लावली. नंतर काही दिवस रडू येत होतं, ते खोटं नाही. आप्तेष्टांचं "अगं, बाळ छान आहे ना, मग झालं तर" हे वाक्य तेव्हा ऐकवत नाही. ज्यांच्या घरात असं होईल त्यांनी नुसतं ऐकून घ्या.

पाणकळा

अबोली, हे लिहिलंत ते फार मोलाचं. याला जोडून थोडं. पाणी हिरवं किंवा लाल गेलं, रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली तर कळा असोत-नसोत, लगेच निघा. बाकी कळा पाच मिनिटांवर, प्रत्येक मिनिटभराची आणि तासभर तशाच राहिल्या की पहिलटकरणीने निघावं. घाट उतरून यायचं असेल किंवा पावसाळ्यात रस्ता बंद पडणारा असेल तर याची वाट पाहू नका, आधीच जवळ येऊन राहा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि १०२ची गाडी २०११ पासून मोफत आहे, आशाताईंना आधी सांगून ठेवा.

मोरपीस

उशिरा विचारतेय. पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून दोन वर्षांपूर्वी सिझर झालं. आता तिसरा महिना आहे. या वेळी नॉर्मल होऊ शकेल? घरचे म्हणतात, एकदा सिझर म्हणजे कायम सिझर.

पाणकळा

तसं काही नाही. तुमचं कारण त्या बाळापुरतं होतं, त्यामुळे शक्यता चांगली आहे. जुना व्रण कळांमध्ये उसवण्याचा धोका साधारण २०० जणींत एकीला असतो. कमी आहे, पण झालं तर फार गंभीर असतं. म्हणून जिथे ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास हाताशी आहे तिथेच प्रयत्न करायचा, ठोक्यांवर सतत लक्ष हवं आणि कळा सुरू झाल्या की घरी फार वेळ काढायचा नाही. कळा आणण्यासाठी औषध देतानाही इथे जास्त जपावं लागतं.

पहिल्याच तपासणीला जुनं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. पिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा होता की उभा, यावर सगळं अवलंबून आहे आणि पोटावरच्या व्रणावरून ते कळत नाही. कार्डावर नसेल तर जिथे सिझर झालं तिथून ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.